वानखेडे: ४५ हजारांचं ३३ हजार कसं झालं?

फोर्टफेरी:
चर्चगेट ते मरीन लाइन्स असा, फक्त मैदानांवरून जाणारा दोन तासांचा फेरफटका आखतोय. माहिती मराठीतून द्यायची आहे. ओव्हल, ब्रेबॉर्न, हॉकीचं मैदान, मरीन ड्राइव्हवरचे जिमखाने, एवढं लिहून झालं. वानखेडेपाशी गाडी अडली आहे. जिथे बघावं तिथे एकच वाक्य: २०११ च्या विश्वचषकासाठी पुनर्बांधणी झाली आणि क्षमता सुमारे ४५,००० वरून सुमारे ३३,००० वर आली. इतका खर्च करून, स्टँड पाडून पुन्हा बांधून, जागा कमी? फेरफटक्यातला पहिला माणूस हेच विचारणार आणि ‘सुखसोयी वाढल्या’ हे उत्तर त्याच्या गळी उतरणार नाही.

नेमकं हवंय ते असं. एवढ्या खुर्च्या गेल्या कुठे? काय पाडलं आणि काय ठेवलं? छताला पत्रा न घालता कापड का घातलं? आणि मुळात हाकेच्या अंतरावर ब्रेबॉर्न असताना हे दुसरं मैदान उभं का राहिलं, ते दोन-चार वाक्यांत कसं सांगावं?

मरीनलाइन्सकर:
शेवटच्या प्रश्नापासून घेतो, बाकीचं जाणकार सांगतील.

क्रम असा लावा. भारतातली पहिली कसोटी डिसेंबर १९३३ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर झाली, लाला अमरनाथांचं शतक तिथलंच. मग बॅक बेच्या भरावावर क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने (सीसीआय) ब्रेबॉर्न बांधलं, ते १९३७ मध्ये खुलं झालं. १९४८ ते १९७३ मुंबईच्या कसोट्या तिथेच. भांडणाचं मूळ इथे आहे: मैदान क्लबच्या मालकीचं आणि सामने भरवणार बॉम्बे क्रिकेट असोसिएशन. म्हणजे यजमान एक आणि घरमालक दुसरा. आपल्या संलग्न क्लबांना किती तिकिटं द्यायची, हे असोसिएशनला दर वेळी घरमालकाला विचारावं लागे. १९७३ च्या इंग्लंड कसोटीनंतर हे विकोपाला गेलं. तेव्हा सीसीआयचे अध्यक्ष विजय मर्चंट आणि असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे. वानखेडे राजकारणात मुरलेले होते. चर्चगेटच्या पुढे, रेल्वेमार्गाला खेटून सरकारी जमीन मिळवली आणि सुमारे १३ महिन्यांत स्टेडियम उभं केलं. वास्तुरचनाकार शशी प्रभू.

पहिली कसोटी २३ जानेवारी १९७५ ला सुरू झाली, वेस्ट इंडिजविरुद्ध. क्लाइव्ह लॉइडच्या नाबाद २४२, आणि अभिनंदनाला मैदानात धावलेल्या प्रेक्षकाला पोलिसांनी झोडपल्यावर झालेला गोंधळ, हे दोन्ही त्याच सामन्यातलं. पतौडींची ती शेवटची कसोटी.

फेरफटक्यात एक गंमत जरूर सांगा. ज्यांच्याशी भांडून वानखेडे बांधलं, ते वानखेडेचंच काम चालू असताना कामाला आले. डिसेंबर २००९ मध्ये श्रीलंकेविरुद्धची कसोटी ब्रेबॉर्नवर झाली, तब्बल ३६ वर्षांनी. सेहवागच्या २९३ त्या सामन्यातल्या. वानखेडेवर मात्र मार्च २००६ नंतर थेट नोव्हेंबर २०११ मध्ये कसोटी झाली. आणि हो, गर्दीत कुणीतरी ‘विजय मर्चंट स्टँड’ अशी पाटी दाखवेल. ज्या क्लबच्या अध्यक्षाशी तंटा होता, त्याचंच नाव इथल्या स्टँडला आहे. मुंबईचं क्रिकेट हे असं आहे.

खडी_वाळू:
जागा कुठे गेल्या याचं उत्तर बाकड्यात आहे. जुन्या स्टँडमध्ये बहुतेक ठिकाणी पायऱ्या आणि बाकं होती. बाकावर माणसं मोजायची म्हणजे बाकाची लांबी भागिले ४५ सेंमी. लोकलच्या तीन जणांच्या सीटवर चौथा टेकतो, तोच न्याय. ‘जरा सरका’ म्हटलं की क्षमता वाढली. आताच्या बकेट सीटला, म्हणजे एकेकट्या माणसाच्या पाठ असलेल्या खुर्चीला, सरकता येत नाही. तिचे दोन हात ठरलेले, खाली बोल्ट ठोकलेले.

आकड्यांत बघा. ९ मीटर रुंद आणि १३ मीटर खोल असा स्टँडचा एक पट्टा घ्या. (हे वानखेडेच्या नकाशावरचे आकडे नव्हेत, समजायला घेतलेला तुकडा आहे.)

जुनी पद्धत: माणशी ४५ सेंमी, म्हणजे एका ओळीत २०. पायरीची खोली ६५ सेंमी, म्हणजे २० ओळी. एकूण ४००.

नवी पद्धत: खुर्ची मध्य ते मध्य ५० सेंमी, ओळीत १८. पायरी ८० सेंमी, ओळी १६. एकूण २८८.

रुंदीत फक्त ५ सेंमी आणि खोलीत १५ सेंमी दिले, तर २८ टक्के माणसं गेली. खरी मार खोलीची आहे, रुंदीची नाही. लोक म्हणतात ‘खुर्च्या मोठ्या केल्या’. खुर्ची फारशी मोठी नाहीच, गुडघ्यासमोरची जागा मोठी झाली. आणि ती लागतेच. ६५ सेंमीच्या पायरीवर पाठ असलेली खुर्ची बसवली तर मधल्या माणसाला पाणी प्यायला जाताना अख्खी ओळ उभी करावी लागते. त्याच वेळी विकेट पडली की मागच्या पाच ओळी शिव्या घालतात.

आता यातला अडकवणारा भाग. पायरी खोल केली की दिसणं बिघडतं. मागच्याची नजर पुढच्याच्या डोळ्यांच्या किती वरून जाते, याला सी-व्हॅल्यू म्हणतात. ६ सेंमीच्या खाली गेलात तर पुढच्याचं डोकं चेंडूच्या आड येतं. ९ ठीक, १२ उत्तम, आणि पुढच्याने टोपी घातली असेल तर १५ लागतं. हिशेब असा: पायरीची उंची अधिक नजरेची उंची, याला सीमारेषेपर्यंतच्या अंतराने गुणा, मग ते अंतर अधिक पायरीची खोली याने भागा, आणि आलेल्यातून नजरेची उंची वजा करा. वरच्या स्टँडमधला प्रेक्षक धरा: सीमारेषेपासून ४० मीटर लांब, १२ मीटर उंच.

पायरी ३० सेंमी उंच, ६५ खोल: सी-व्हॅल्यू सुमारे १०.३ सेंमी.
उंची तीच ३०, खोली ८०: ५.९ सेंमी. नापास.
उंची ३६, खोली ८०: ११.८ सेंमी. उत्तम.

म्हणजे पाय मोकळे करायचे तर पायरी उंच करावी लागते, आणि पायरी उंच केली की जुना उताराचा सांगाडा निरुपयोगी होतो. जुन्या पायऱ्यांवर नुसत्या खुर्च्या ठोकून भागत नाही. पाडून बांधण्यामागचं हे मोठं कारण.

ओव्हरथ्रो:
वरचं गणित बरोबर, पण ‘२८ टक्के’ आणि प्रत्यक्षातली २७ टक्क्यांची घट जुळली म्हणून तेवढंच कारण समजू नका. तो योगायोग आहे. क्षेत्रफळ तेवढंच राहिलेलं नाही. मोठा फेरबदल उत्तर आणि दक्षिण टोकांना झाला, तिथली मांडणीच बदलली. पूर्वी वरच्या मजल्याच्या पोटात स्वच्छतागृहं आणि खाण्याचे स्टॉल कोंबलेले होते, बाहेर पडणारी गर्दी त्यांच्याच रांगांमधून वाट काढायची. ते तिथून काढून बाहेरच्या रुंद फिरत्या जागेत नेले. क्लबहाउस आणि स्टेडियममधली फट वाढवणं हाही त्याच योजनेचा भाग, कारण अग्निशमनाची गाडी आत वळायला हवी. हे सगळं खुर्च्यांच्याच जागेतून वसूल होतं. प्लॉट काही वाढला नाही: पूर्वेला पश्चिम रेल्वे, बाकी बाजूंना रस्ते आणि इमारती.

बाहेर पडण्याचा हिशेब मात्र फेरफटक्यात सांगाच, लोकांना पटकन कळतो. इंग्लंडमधली मैदान-सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं जगभर वापरतात. त्यांत जिन्याच्या प्रत्येक मीटर रुंदीतून मिनिटाला ६६ माणसं धरतात, सपाट वाटेवर ८२. आणि स्टँडमधून आठ मिनिटांत सगळे बाहेर, ही वरची मर्यादा.

३३,००० माणसं ÷ ८ मिनिटं ÷ ६६ = साडेबासष्ट मीटर जिना.
४५,००० साठी = ८५ मीटर.

२.४ मीटरचा एक जिना धरला तर पहिल्यात सव्वीस-सत्तावीस जिने, दुसऱ्यात छत्तीस. हे जादा नऊ-दहा जिने बसवायला जागा कुठून आणणार? स्टँड पोखरूनच. मग पुन्हा खुर्च्या कमी. क्षमता अशी स्वतःचीच शेपटी पकडत फिरते. उत्तर आणि दक्षिण स्टँडला मिळून २० लिफ्ट आहेत, हे कौतुकाने सांगतात. बरंच आहे, पण लिफ्ट बाहेर पडण्याच्या हिशेबात धरत नाहीत. वीज गेली, धूर झाला, की पहिली बंद होते ती लिफ्ट.

या गणितात नेहमी होणारी चूक: जिना रुंद काढतात आणि खालच्या दारात लोखंडी फिरकी किंवा तपासणीचं टेबल ठेवतात. मग रुंदी जिन्याची नव्हे, त्या दाराची मोजायची. आठ मिनिटं तिथेच संपतात.

तिरपा_पाऊस:
छताबद्दल.

कापड म्हणजे तंबूचं कापड नव्हे. काचेच्या धाग्याचं विणकाम, त्यावर टेफ्लॉनचा लेप. या जातीच्या पडद्याचं वजन चौरस मीटरला दीड किलोच्या आसपास. पत्रा घेतला तर पत्रा, खालचे आडवे लोखंडी पट्टे आणि बोल्ट धरून त्याच्या कैकपट. छत कँटिलिव्हर आहे, म्हणजे पुढच्या कडेला खांब नाही. छज्जाच समजा: मागून पकडलेला, पुढे मोकळा. पुढच्या टोकावरचा प्रत्येक किलो मागच्या बाजूला खेचणाऱ्या सळईला आणि पायाला जड जातो. वजन कमी केलं की मागचा सगळा सांगाडा बारीक होतो. खांब नको होते म्हणून कापड आलं, असं उलट सांगितलंत तरी चूक नाही.

लोकांना वाटतं छत पडेल. समुद्राकाठी हलक्या छताची खरी भीती ते उडेल ही असते. भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलेला आहे. दाब काढायचा तर वेगाचा वर्ग गुणिले ०.६, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ११६० न्यूटन, किलोच्या भाषेत ११८. (पुढे उंची, आकार यांचे गुणक लागतात, ते सोडून देऊ.) १०० चौरस मीटरचा एक पडदा घ्या: स्वतःचं वजन १५० किलो आणि वारा त्याला जवळजवळ १२ टनांनी वर ओढतोय. म्हणून सांगाडा छताला झेलण्याइतकाच खाली धरून ठेवण्यासाठी असतो. आणि ही सगळी ओढ शेवटी जाते पायात, भरावाच्या जमिनीत, जिथे थोडं खणलं की पाणी लागतं. पाया नुसता दाबाला नाही, उपटण्यालाही पुरायला हवा.

या पडद्याचं काय बिघडतं:

घडी. सगळ्यात मोठा शत्रू. काचेचा धागा ओढला तर प्रचंड ताकदीचा, मोडला तर कडकन तुटतो. म्हणून आणताना रुळावर गुंडाळून आणतात, साडीसारखी घडी घालायची नाही. चढवताना कामगाराने गुडघा टेकला आणि चुणी पडली, तर ती जागा पुढे कधीतरी फाटणार.

ओढ सैल पडणं. पडदा एका दिशेला वर आणि दुसऱ्या दिशेला खाली असा दुहेरी वळवून ताणलेला असतो, घोड्याच्या खोगिरासारखा. ओढ कमी झाली की खोलगट भाग तयार होतो, पावसाचं पाणी साचतं, पाण्याच्या वजनाने खोलगा वाढतो, अजून पाणी साचतं. मुंबईत जुलैत एका सरीत हा खेळ उरकतो. १० सेंमी पाणी म्हणजे चौरस मीटरला १०० किलो! पावसाळ्याआधी ताण मोजणं यासाठीच.

गंज. कापडाला खारी हवा काही करत नाही, ऊनही नाही. त्याला धरणाऱ्या पट्ट्या, बोल्ट, केबलची टोकं यांना करते. जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाला स्टेनलेसचा बोल्ट थेट टेकला की मुलामा आधी खाल्ला जातो. मध्ये प्लॅस्टिकची चकती हवी. रुपया-दोन रुपयांची वस्तू, पण हीच विसरतात.

भोक पडलं तर शिवत नाहीत, गोंदही लावत नाहीत. टेफ्लॉनला गोंद धरत नाही. वरून ठिगळ ठेवून साडेतीनशे अंशांच्या वर तापवून वितळवून बसवतात.

उकाड्याचं म्हणाल तर कापड ऊन बहुतांशी परतवतं, थोडा उजेड आत सोडतं. पण ३३ हजार माणसांची ऊब वर जाऊन छताखाली साठते, म्हणून वर हवा ओढून टाकणारे पंखे आहेत. गरम हवा वरून गेली की पश्चिमेकडचा वारा आत शिरायला वाव मिळतो. दुपारच्या सामन्यात मात्र खालच्या पुढच्या ओळींना छताचा उपयोग नाही; सूर्य कलला की ऊन थेट तोंडावर. तिकीट घेताना हे बघावं.

फोर्टफेरी:
सगळ्यांचे आभार, एवढं पुरून उरेल. ओव्हरथ्रो, शेपटीचा दाखला मी उचलतोय. एक उपप्रश्न: मग वर अजून एक मजला चढवून पुन्हा ४५ हजार करणं शक्य आहे का? हा प्रश्न हमखास येणार.

खडी_वाळू:
कागदावर काहीही शक्य आहे. व्यवहारात तीन ठिकाणी अडतं. कँटिलिव्हर छताचा मागचा पकड-सांगाडा जिथे आहे तिथेच नवा मजला हवा, म्हणजे आधी छत उतरवा. खालचे खांब आणि पाया जादा मजल्यासाठी धरलेले नसतील तर तेही वाढवा. गर्दीच्या जागेला भारतीय मानकात पक्क्या बसवलेल्या खुर्च्या असतील तर चौरस मीटरला ४ किलोन्यूटन भार धरतात, नसतील तर ५. हो, उभं राहून किंवा बाकावर बघणाऱ्यांचा भार जास्त धरावा लागतो, कारण ते दाटीने उभे राहतात आणि एका तालात उड्या मारतात. ‘खुर्च्या काढा, बाकं परत आणा’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. तिसरं म्हणजे ओव्हरथ्रोंचे ते छत्तीस जिने. शिवाय समोर मरीन ड्राइव्ह. तिथल्या आर्ट डेको इमारती २०१८ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, किनारा नियमन आहेच. आजूबाजूला उंची वाढवायची म्हटली की फाइल वर्षानुवर्षं फिरणार.

मे २०२५ मध्ये रोहित शर्मा, अजित वाडेकर आणि शरद पवार यांची नावं स्टँडना दिली, त्या कार्यक्रमात मुख्यमंत्र्यांनी एक लाख क्षमतेच्या नव्या स्टेडियमला जागा द्यायची तयारी दाखवली. ते स्टेडियम वानखेडेच्या जागी नाही, दुसरीकडे. यातच उत्तर आलं.

मरीनलाइन्सकर:
तांत्रिक बाजू मान्य. तरी लोकांच्या मनातली खरी चीड खुर्च्या घटल्याची नाहीच मुळी. २०११ च्या अंतिम सामन्याला सर्वसामान्यांसाठी जेमतेम ४,००० तिकिटं होती. बाकी संलग्न क्लब, आयसीसी, पाहुणे, सदस्य. संकेतस्थळ उघडताक्षणी कोसळलं. ४५ हजारांचं मैदान असतं तरी सामान्याच्या वाट्याला १६ हजार आली असती, हे कुणी छातीठोकपणे सांगावं. १९७३ मध्ये ब्रेबॉर्नशी भांडण तिकिटांच्या वाटपावरून झालं आणि २०११ मध्ये ओरड तिकिटांच्या वाटपावरूनच झाली. फेरफटक्याला हा धागा धरा. ब्रेबॉर्नच्या दारात सुरू करून वानखेडेच्या दारात सोडायला बरा पडेल.

ओव्हरथ्रो:
हे मात्र खरं. पण जोडीला एवढं सांगा की नव्या वानखेडेवरचा पहिला सामना अंतिम सामना नव्हता. १३ मार्च २०११, न्यूझीलंड विरुद्ध कॅनडा. मग १८ मार्चला न्यूझीलंड-श्रीलंका. नवीन स्टेडियममध्ये जिने, दारं, पाणी, दिवे यांची रंगीत तालीम अशाच सामन्यांतून होते, २ एप्रिलला थेट भरलं असतं तर जड गेलं असतं. दिव्यांची आणखी एक नोंद: प्रकाशझोतातला इथला पहिला आंतरराष्ट्रीय सामना २७ फेब्रुवारी १९९६ चा, भारत-ऑस्ट्रेलिया, विश्वचषकातला. २०२३ च्या विश्वचषकाआधी जुने दिवे काढून एलईडी बसवले.

फोर्टफेरी:
धागा धरला. ‘घरमालक आणि भाडेकरू’ असंच नाव देतोय त्या टप्प्याला. शेवटचं: आत प्रवेश मिळाला नाही तर छत आणि स्टँडची मागची बाजू लोकांना दाखवायची कुठून? मरीन ड्राइव्हवरून इमारती आड येतात.

तिरपा_पाऊस:
लोकलमधून. फेरफटका वानखेडेच्या दारात संपवू नका, चर्चगेटहून सगळ्यांना मरीन लाइन्सपर्यंत गाडीत बसवा. धिमी गाडी घ्या आणि डाव्या हाताची खिडकी किंवा दार धरा. रूळ आणि स्टँड इतके लगत आहेत की ‘प्लॉट वाढला नाही’ हे वेगळं सांगावं लागत नाही. सकाळी अकरानंतर गर्दी उतरते. गाडी तिथून झपकन निघून जाते, तेव्हा काय बघायचं ते प्लॅटफॉर्मवरच सांगून ठेवा: वरची पांढरी कड, तिला मागून धरणारं लोखंड, आणि खाली जिन्यांची तोंडं.